काट्यावरचं वजन, मनातलं वजन

तुझं शरीर तुला कसं वाटतं? फारच बारीक, थोडं बारीक, बेताचं, थोडं जाड, की फारच जाड? युरोप, मध्य आशिया आणि कॅनडा मिळून चाळीसहून अधिक देशांत 11, 13 आणि 15 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना दर चार वर्षांनी हा प्रश्न विचारला जातो. इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी 1982 मध्ये सुरू केलेली ही पाहणी पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने वाढत गेली. प्रश्न साधा आहे. पण अशा उत्तरांशेजारी त्याच मुलांची उंची आणि वजन मांडलं की दोन्हींचा मेळ बसत नाही. बेताच्या वजनाच्या कितीतरी मुली ‘थोडी जाड’वर खूण करतात. अंगाने ठीकठाक असलेले मुलगे ‘थोडा बारीक’ निवडतात. आणि ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे, त्यांतले बरेच जण स्वतःला बेताचे समजतात.

या पाहणीत भारत नाही, पण हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. आपल्या कॉलेजांतही एखादी मुलगी रात्रीचं जेवण सोडते आणि तिचं वजन मुळात कमीच असतं. जिममध्ये नाव घातलेला मुलगा पावडरचा डबा आणतो, पण रक्त कधी तपासून घेत नाही. आणि ‘मी बारीक आहे, मला काय होणार?’ म्हणणारा तिसरा कुठेच जात नाही.

वजन ही एक गोष्ट, वजनाबद्दलचं मत ही दुसरी आणि आरोग्य ही तिसरी. विद्यार्थिदशेत या तिन्हींची सरमिसळ होते. त्यामुळे काळजीचं कारण नसलेले उपाशी राहतात आणि कारण असलेले निर्धास्त फिरतात. भारतीय शरीराच्या बाबतीत ही गफलत जास्त महाग पडते.

मत मोजायचं कसं?

वजन काट्यावर मोजता येतं. मत मोजायला वेगळी साधनं लागतात. सर्वांत सोपं साधन म्हणजे वर दिलेल्यासारखा थेट प्रश्न. अमेरिकेतही 1991 पासून हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची एक मोठी राष्ट्रीय पाहणी होते आणि तिच्यात ‘तुमच्या वजनाचं वर्णन कसं कराल?’ असं विचारतात. अडचण अशी की तिथे उंची आणि वजनही विद्यार्थ्यांनी सांगितलेलंच धरावं लागतं. आणि उंची थोडी वाढवून, वजन थोडं उतरवून सांगण्याची सवय जगभर आढळते. म्हणून अशा आकड्यांकडे थोडं जपूनच पाहावं लागतं.

दुसरं साधन चित्रांचं. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये नऊ आकृत्यांची एक रांग वापरात आणली. एका टोकाला अगदी काटकुळी आकृती, दुसऱ्या टोकाला अगदी लठ्ठ. यातलं कोणतं चित्र तुमच्यासारखं आहे आणि तुम्हाला कोणासारखं व्हायला आवडेल, एवढंच विचारायचं. दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे त्या माणसाचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान.

एप्रिल फॅलन आणि पॉल रोझिन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे हीच चित्रं ठेवली. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही वाचण्यासारखे आहेत. मुलींनी स्वतःसाठी निवडलेली आकृती त्यांना हव्या असलेल्या आकृतीपेक्षा जाड होती. मुलग्यांना कशी मुलगी आवडत असेल याचा त्यांनी केलेला अंदाजही चुकला. मुलग्यांनी प्रत्यक्षात निवडलेली आकृती त्याहून भरलेली निघाली. मुलग्यांच्या बाबतीत मात्र ‘मी कसा आहे’, ‘मला कसं व्हायचंय’ आणि ‘मुलींना काय आवडत असेल’ या तिन्ही आकृत्या जवळजवळ एकच होत्या. म्हणजे मुली जे मागणं पुरं करायला झटत होत्या, ते तेवढ्या प्रमाणात कोणी केलेलंच नव्हतं. चाळीस वर्षांत मुलग्यांचं हे समाधानही टिकलेलं नाही. त्याकडे पुढे येऊच.

आजूबाजूचे ठरवतात तेच माप

स्वतःचं वजन बरोबर की चूक हे आपण तक्ता उघडून ठरवत नाही. वर्गात, घरात, गल्लीत जी शरीरं रोज दिसतात, त्यांच्या सरासरीवरून ठरवतो. आजूबाजूला बहुतेकांची पोटं सुटलेली असली की सुटलेलं पोट डोळ्यांना खुपत नाही. ब्रिटनच्या लिव्हरपूल विद्यापीठातले एरिक रॉबिन्सन यांनी या सवयीवर बरंच काम केलं आहे. जास्त वजनाची माणसं रोज पाहून ‘सामान्य’ कशाला म्हणायचं याची नजरेतली पातळी वर सरकते, असं ते मांडतात. आपल्या मुलाचं वजन वाढलेलं आई-वडिलांना दिसत नाही, याचंही एक कारण हेच.

पातळी खालीही सरकू शकते. फिजीच्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोचली. तोवर तिथे भरलेलं शरीर हे खात्यापित्या घरचं लक्षण मानलं जायचं आणि कोणी वाळलं की शेजारीपाजारी काळजी करत. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही येताच आणि पुन्हा तीन वर्षांनी, 1998 मध्ये, तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबद्दलच्या विकृत कलाची धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुलींचं प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेलं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी 1995 मध्ये एकही सापडली नव्हती. 1998 मध्ये त्यांचं प्रमाण 11.3 टक्के झालं. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्या तीन वर्षांत फिजीत इतरही बदल झाले असतील. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांची आवड किती झपाट्याने पालटू शकते, हे त्यातून कळतं.

आजच्या विद्यार्थ्याच्या हातात टीव्हीपेक्षा जवळचा पडदा आहे. त्यावर दिसतात ते परके नट-नट्याच नव्हेत, आपल्याच वयाची, आपल्याच गावची मुलंमुली दिसतात. फक्त फिल्टर लावलेली, योग्य कोनातून टिपलेली आणि वीस फोटोंतून निवडलेली. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं 2021 मध्ये बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितल्याचं त्यांत होतं. त्याच वर्षी नॉर्वेने कायदा बदलला. जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा यांत फेरफार केला असेल, तर तशी ठळक खूण करणं तिथे बंधनकारक झालं.

आपल्या घरात मात्र पडद्याआधी माणसंच बोलतात. लग्नात, दिवाळीत मामी भेटल्या भेटल्या म्हणतात, ‘केवढी वाळलीस गं!’ आणि काकू त्याच मुलीला म्हणतात, ‘हॉस्टेलचं जेवण अंगी लागलेलं दिसतंय.’ शाळेत जाड्या, ढोल्या, काडीपैलवान, सुकडी ही नावं वर्षानुवर्षं चिकटून राहतात. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. पण मुलाच्या मनातलं वजन काट्यापेक्षा अशा वाक्यांवरच जास्त ठरतं. मुलीला ‘पुढे लग्न जमायला त्रास होईल’ आणि मुलग्याला ‘अंगात काही दम नाही’ ही दोन वाक्यं तर ठरलेलीच. पुढची उपासमार किंवा पावडरचा डबा इथूनच सुरू होतो.

चुकीच्या मताचा शरीरावर परिणाम

‘मी जाड आहे’ असं वाटणं एका परीने बरंच, त्यामुळे तरी माणूस व्यायामाला लागेल, असं पुष्कळांना वाटतं. अभ्यास उलटं सांगतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डायेन नॉयमार्क-स्टायनर यांनी 1998-99 मध्ये हजारो विद्यार्थ्यांची नोंद केली आणि पाच वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. किशोरवयात डाएटिंग करणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या मुलांचं वजन पाच वर्षांनी इतरांपेक्षा जास्त असण्याची शक्यता मोठी निघाली. बेसुमार खाण्याचे झटके येण्याचं प्रमाणही त्यांच्यात वाढलेलं होतं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दीर्घकालीन नोंदींतून रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही तेच आढळलं. स्वतःला जाड समजणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षांत जास्त वाढलं, मग ते समजणं खरं असो वा खोटं.

असं का होतं? सकाळी नाश्ता टाळला, दुपारी सॅलडवर भागवलं, की संध्याकाळी भूक आवरत नाही. मग कॉलेजबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव होतात, त्यावर अपराधी वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. लाज वाटणारं मूल मैदानावर उतरत नाही, पोहायला जात नाही, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहतं. टोमण्यांचा ताण आला की त्याला खाण्यातच विसावा वाटतो. वजन कमी व्हावं म्हणून केलेली टीका अशी वजन वाढवणाऱ्या सवयी लावते.

हे नेमकं चुकीच्या वयात घडतं. वाढीचा वेग मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. प्रौढपणीच्या वजनाचा जवळपास निम्मा वाटा याच काळात अंगावर येतो. मुलींच्या शरीरात या वयात चरबीचं प्रमाण वाढणं हा वयात येण्याचाच भाग आहे, त्याशिवाय पाळीचं चक्र नीट बसत नाही. हाडांची बळकटीही बहुतांशी याच वर्षांत साठते. अशा वेळी घेतलेला उपाशीपोटीचा ध्यास पुढे हाडांतून आणि पाळीतून दिसू लागतो.

आता मुलग्यांकडे. हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी 1990च्या दशकात एक उलटा विकार मांडला. त्यात पिळदार अंगाच्या तरुणाला आपण हडकुळे आहोत असंच वाटत राहतं. तो तासन्‌तास वजनं उचलतो आणि शर्ट काढायला लाजतो. पोप यांनी मुलांच्या खेळण्यांचीही मापं काढली. 1964च्या ‘जी. आय. जो’ या बाहुल्याच्या दंडाचा घेर माणसाच्या उंचीच्या प्रमाणात सुमारे 12 इंच भरत होता. 1990च्या दशकातल्या त्याच्या ‘एक्स्ट्रीम’ आवृत्तीत तो 26 इंचांपलीकडे गेला होता. एवढा दंड जगातल्या नावाजलेल्या शरीरसौष्ठवपटूंनाही जमत नाही. आपल्याकडे सिक्स पॅकच्या नादात जिमच्या कोपऱ्यात मिळणाऱ्या इंजेक्शनांपर्यंत काही मुलं पोचतात. त्यांतली स्टेरॉइड यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांवर घाला घालतात, आणि वाढीच्या वयात घेतली तर उंचीही थांबवू शकतात.

काटा तरी पूर्ण सांगतो का?

मग मत बाजूला ठेवून काट्यावरच विसंबावं का? इथेही जपून चाललं पाहिजे. सगळीकडे वापरला जाणारा बीएमआय, म्हणजे शरीरभार निर्देशांक, काढणं सोपं आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. 1830च्या दशकात त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं. एखाद्याचं आरोग्य तपासणं हा त्यांचा हेतूच नव्हता. 1972 मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सुमारे साडेसात हजार पुरुषांवर वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली आणि त्यांतलं हे सूत्र उचलून त्याला आजचं नाव दिलं. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. कोल्हापूरच्या तालमीतला 170 सेंटिमीटर उंचीचा आणि 80 किलोचा मल्ल घ्या. त्याचा निर्देशांक 27.7 येतो आणि भारतीय तक्ता त्याला लठ्ठ म्हणतो. उलट, दिवसभर खुर्चीत बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, हातपाय बारीक पण पोट पुढे आलेल्या मुलाला तोच तक्ता उत्तीर्ण करतो.

शिवाय तक्ते एकच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापानुसार प्रौढांसाठी 18.5 ते 24.9 ठीक, 25 पासून जास्त वजन आणि 30 पासून लठ्ठपणा. पण आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार याहून कमी निर्देशांकालाच सुरू होतात. म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये 23 आणि 27.5 या जादा पातळ्या सुचवल्या. भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा अशी रेघ ओढली. परदेशी ॲपवर 24 निर्देशांक हिरव्या रंगात दिसतो. भारतीय डॉक्टर त्याच आकड्यावर कंबर मोजायला सांगतात.

आणि हे सारं प्रौढांसाठी. अठराच्या आतल्या मुलांना हे आकडे लावणं सरळ चूक आहे, कारण वाढत्या वयात निर्देशांक दरवर्षी बदलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळे वाढीचे आलेख प्रसिद्ध केले. या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नववीतल्या मुलीचं वजन जास्त की कमी हे तिचं वय आणि उंची धरून त्या आलेखावरच पाहायला हवं. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरचा तिथे उपयोग नाही.

योग्य वजन हा एकच आकडा नसतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. 160 सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ तरुणीला भारतीय मापाप्रमाणे साधारण 47 ते 58 किलोपर्यंत कुठेही असायला मुभा आहे. म्हणजे जवळपास अकरा किलोंचा पट्टा. त्यातल्या 48ची मैत्रीण पाहून 55चीने हळहळण्याचं काही कारण नाही. दिवसाकाठी पाणी, मीठ, पाळी यांमुळे एक-दोन किलो इकडेतिकडे होतच असतात.

पुण्याने शिकवलेला धडा

भारतीय विद्यार्थ्यांनी तर स्वतःच्या बारीकपणावरही फार विसंबू नये. त्याचं कारण पुण्याच्या संशोधनात सापडतं. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं. इंग्लंडमध्ये ज्या बाळांशी त्यांची तुलना केली ती साडेतीन किलोंची होती. पुण्याची बाळं सगळ्याच अंगांनी लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. वजनाने हलकी आणि चरबीने भरलेली अशी ही ठेवण जन्मापासूनच होती. पुढे मधुमेहाचा धोका लहान वयात आणि कमी वजनातच का येतो, याचा एक धागा इथे मिळाला.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघेही सडपातळ आणि दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के निघाली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. ‘मी बारीक, म्हणजे मी निरोगी’ या समजाला याहून नेमकं उत्तर क्वचित मिळेल.

देशभरात 2016 ते 2018 या काळात झालेल्या बालपोषणाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलं वयाच्या मानाने कृश निघाली, तर 5 टक्क्यांचं वजन जास्त होतं. त्याच वयाच्या सुमारे 10 टक्के मुलांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. जास्त वजनाची मुलं जेमतेम पाच टक्के आणि उंबरठ्यावरची दहा. म्हणजे त्यांतली बरीच मुलं दिसायला जाड नव्हती.

आरशात न दिसणारी उणीव

आरशात चरबीसुद्धा थोडीफार दिसते. रक्तातली उणीव अजिबात दिसत नाही. त्याच सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींपैकी 40 टक्के आणि मुलग्यांपैकी 18 टक्के ॲनिमियाग्रस्त निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या मुलींचा आकडा 59 टक्के आणि मुलग्यांचा 31 टक्के आला. पहिल्या सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेतलं, दुसऱ्यात बोटाला टोचून. फरकाचं एक कारण ते. पण कमी आकडा धरला तरी दर पाच मुलींमागे दोघींच्या अंगात रक्त कमी आहे.

ॲनिमियाची लक्षणं म्हणजे जिना चढताना धाप, तासाला झोप, वाचलेलं डोक्यात न राहणं, चिडचिड. विद्यार्थी याला आळस म्हणतात, घरचे मोबाइलला दोष देतात. ‘तुझी तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला अशी मुलगी ‘छान, वजन आटोक्यात आहे’ असं उत्तर देईल. म्हणूनच बऱ्याच सरकारी शाळांत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. मळमळतं म्हणून अनेक जणी ती गुपचूप टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. लगेच चहा प्यायला नाही आणि जेवणात लिंबू पिळलं, तर लोह अंगात जास्त शोषलं जातं.

हालचालीचंही तसंच. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या शाळकरी किशोरांपैकी पाचांतली चार मुलं एवढं करत नाहीत. बारीक मुलंही त्यांत आहेत. दहावी-बारावीच्या वर्षी तर मैदान बंद करणं ही घरोघरची रीतच होऊन बसली आहे.

या बाबतीत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडून शिकण्यासारखं आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या त्या मुलांना आपण कसे दिसतो याची फिकीर कमी असते; 1600 मीटर किती मिनिटांत पुरे झाले हा त्यांचा हिशेब. त्यांच्याही खाण्यापिण्यात चुका असतात आणि काही जण इंजेक्शनांकडेही वळतात. पण आपलं शरीर काय करू शकतं, हा प्रश्न ते ‘कसं दिसतं’च्या आधी विचारतात, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच जास्त उपयोगाचा आहे.

मग काय पाहावं?

अठरा वर्षांपुढच्या विद्यार्थ्याने निर्देशांकाबरोबर कमरेचा घेर मोजावा. शिंप्याची टेप पुरते. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीच्या आसपास. भारतीयांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. सोपा नियम हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. 15 वर्षांपुढच्या मुलींसाठी 12 आणि मुलग्यांसाठी 13 ग्रॅम ही किमान पातळी आहे. घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून साखरही पाहावी. मुलींनी पाळी नियमित आहे का याकडे लक्ष द्यावं. आणि स्वतःला चार साधे प्रश्न विचारावेत: रात्री पुरेशी झोप होते का? तीन जिने न थांबता चढता येतात का? दिवसभर तरतरी असते का? जेवताना मनात हिशेब आणि अपराध असतो, की जेवण सुखाचं होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अवघड असेल, तर ते लपवू नये. वजन झपाट्याने उतरणं, पाळी बंद होणं, चक्कर येणं, जेवल्यावर मुद्दाम ओकारी काढणं, लोकांसमोर खायला टाळणं ही ‘फॅशन’ची लक्षणं नाहीत, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि ही सेवा फुकट आहे.

शाळांनीही एक पथ्य पाळावं. आरोग्य तपासणीच्या दिवशी वर्गासमोर वजन मोठ्याने सांगण्याची पद्धत बंद करावी. वजन एकेकट्याला मोजावं, आकडा घरी कळवावा आणि अहवालात त्याच्या शेजारी हिमोग्लोबिन, दात आणि नजरही असावी, म्हणजे वजन हेच आरोग्य नाही हे मुलाला न सांगता समजेल. पीटीचा तास गणिताला देऊ नये.

आणि घरच्यांना एवढीच विनंती: पुढच्या सणाला भाचा-भाची भेटली की ‘जाड झालास’, ‘वाळलीस’ हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी ‘हल्ली काय खेळतेस?’, ‘झोप नीट होते ना?’ असं विचारा. मुलांचं वजन जास्त असेल तर वेगळं ताट वाढू नका. घरातल्या सगळ्यांचंच ताट बदला, सगळ्यांनीच संध्याकाळी चालायला निघा. वजनाबद्दल मुलांशी बोलायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या खोलीत, आलेख समोर ठेवून आणि मुलाच्या बाजूने बोला.